विधवांना नर्सिंगच्या वर्गात नेणाऱ्या रमाबाई रानडे

पुण्यातल्या सेवासदन संस्थेचं वार्षिक संमेलन होतं. बायका, प्रतिष्ठित मंडळी आणि कॉलेजातली पोरं जमली होती. बक्षीस घ्यायला एक विधवा विद्यार्थिनी मंचावर आली. साधं लुगडं, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर आणि त्याखाली केशवपन केलेलं डोकं. तिला बघून पोरं हसली, टिंगल सुरू झाली.

समारोपाचं बोलायला संस्थेच्या अध्यक्षा रमाबाई रानडे उठल्या. एरवी शांत बोलणाऱ्या या बाईंचा त्या दिवशी तोल सुटला. शिकलेल्या म्हणवणाऱ्या पोरांना त्यांनी सरळ फैलावर घेतलं. तुमच्यातल्या प्रत्येकाच्या घरात अशी एखादी बहीण, आत्या, मावशी किंवा आईसुद्धा असेल, हसण्याआधी तिचा चेहरा आठवला असता तर बरं झालं असतं, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

आज परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावातून एखादी मुलगी नर्सिंगला जाते, तेव्हा घरात चर्चा होते ती फीची, होस्टेलची आणि नोकरी कुठे लागेल याची. मुलीची जात बाटेल का, तिच्या हातचं पाणी चालेल का, असं कुणी विचारत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यात मात्र पहिला प्रश्न हाच होता. तो ज्यांनी मागे सारला त्यात रमाबाईंचं नाव पुढे येतं. बहुतेकांना त्या न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी म्हणून किंवा 'उंच माझा झोका' या मालिकेमुळे माहीत आहेत. मालिका संसारापाशी रमली. नर्सिंगची गोष्ट मात्र त्या संसारानंतरची आहे.

अकरा वर्षांची नवरी आणि एकतीस वर्षांचा सुधारक

रमाबाईंचा जन्म १८६२ सालचा, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा. माहेरचं आडनाव कुर्लेकर. माहेरी मुलींना अक्षरओळख करून द्यायची रीत नव्हती, त्यामुळे लग्न होईपर्यंत त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं.

१८७३ मध्ये त्यांचं लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झालं. त्या अकरा वर्षांच्या, रानडे एकतीस वर्षांचे. रानड्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. रानडे विधवाविवाहाचे उघड पुरस्कर्ते होते, त्यामुळे ते आता एखाद्या विधवेशी लग्न करतील अशी मित्रांची अपेक्षा होती. वडिलांनाही हीच धास्ती होती. त्यांनी घाईने मुलगी ठरवली आणि रानडे वडिलांपुढे नमले. टीका खूप झाली, आणि ती अनाठायी होती असं म्हणता येणार नाही. विधवांसाठी झगडणाऱ्या माणसाने अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं, ही विसंगती रानड्यांच्या चरित्रातून कुणालाच खोडता आलेली नाही.

त्याच मुलीने पुढे विधवांसाठी जे काम उभं केलं, ते रानड्यांना स्वतःच्या घरात करता आलं नव्हतं.

रानड्यांनी लग्नानंतर लगेच तिला शिकवायला सुरुवात केली. आधी मराठी, मग इंग्रजी. दिवसा घरकाम, रात्री पाटी. घर मोठं होतं, वडीलधाऱ्या बायका बऱ्याच होत्या आणि त्यांना हे अजिबात पसंत नव्हतं. टोमणे, अबोला, कामं वाढवणं हे सगळं झालं. न्यायमूर्तींची एक विधवा बहीणही त्याच घरात होती. शिकणाऱ्या सुनेवर सर्वांत कडक नजर अनेकदा अशाच बायकांची असे, कारण ज्या नियमांसाठी त्यांनी आपलं आयुष्य मोजलं ते नियम ही मुलगी मोडत होती. रमाबाईंनी उलट उत्तर दिलं नाही, शिकणंही सोडलं नाही. बोलणी खायची, मान तुकवायची आणि काम चालू ठेवायचं ही सवय त्यांना इथेच लागली. पुढे सेवासदन चालवताना हीच सवय कामी आली.

१८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज सुरू केला. रमाबाई रानडे त्या सभांना जाऊ लागल्या. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचं हायस्कूल, म्हणजे आपलं हुजूरपागा, सुरू करण्याची हालचाल चालू असताना गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर त्यांनी इंग्रजीत निवेदन वाचलं. घरी आल्यावर कौतुक झालं नाही, हे वेगळं सांगायला नको.

पंडिताबाईंच्या वाटचालीतून त्या एक गोष्ट जवळून पाहू शकल्या. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ मध्ये त्यांनी विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं तेव्हा रानडे आणि भांडारकर त्यांच्या सल्लागार मंडळावर होते. पण तिथल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळवल्या जातायत अशी ओरड झाली, १८९३ मध्ये दोघांनी अंग काढून घेतलं आणि अनेक पालकांनी मुलींना परत नेलं. संस्था कितीही चांगली असली तरी आई-बापांचा विश्वास गेला की ती एका रात्रीत रिकामी होते, हे त्या प्रकरणाने पुण्याला दाखवून दिलं.

रुग्णसेवा कुणी करायची?

आजारी माणसाची सेवा हे पुण्यकर्म, असं आपल्याकडे पूर्वीपासून सांगितलं जातं. चरकसंहितेत उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाला कामाची माहिती हवी, तो दक्ष, स्वच्छ आणि रुग्णावर माया करणारा हवा, असंही तिथे म्हटलं आहे. नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांच्या पहिल्या धड्यात हे हमखास येतं.

प्रत्यक्षात मात्र रक्त, मळ, जखम आणि बाळंतपण यांना हात लावणं हे विटाळाचं काम होतं. घरातल्या माणसाची सेवा घरातल्या बाईने करायची, तिचा पगार नाही. बाळंतपण सुईणीने करायचं. ती बहुधा ज्या जातींना गावाने खालचं ठरवलं त्यांच्यातली असायची. तिच्या हातात आई आणि बाळ दोघांचा जीव असायचा, पण ती गेल्यावर खोली धुऊन काढायची. रुग्णसेवा बायकांना नवीन नव्हती. त्या सेवेला शिक्षण, पगार आणि मान हे तिन्ही एकत्र मिळणं नवीन होतं.

सरकारी आणि धर्मादाय दवाखान्यांत तेव्हा ज्या शिकलेल्या नर्स होत्या त्या बहुतेक युरोपीय, अँग्लो-इंडियन किंवा भारतीय ख्रिस्ती. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १८९१ मध्ये प्रशिक्षणासाठी आलेल्या काशीबाई गणपत यांचं नाव पहिल्या भारतीय नर्स म्हणून घेतलं जातं. पण एकटीदुकटीने येणं वेगळं आणि रीघ लागणं वेगळं.

तिकडे लंडनमध्ये फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात नर्सिंगची शाळा काढली होती. तिची चर्चा करताना दिवा आणि करुणा यांवरच जास्त बोललं जातं. (तो दिवासुद्धा चित्रात दाखवतात तसा अल्लादिनचा नव्हता. क्रिमियाच्या युद्धात त्या घडीच्या कागदाचा तुर्की कंदील वापरत.) त्या शाळेत खरं नवीन होतं ते तिथलं नर्सेस होम. शिकणाऱ्या मुलींनी तिथेच राहायचं, तिथेच जेवायचं, आणि त्यांच्यावर अधिकार डॉक्टरचा नव्हे तर मेट्रनचा. इंग्लंडमध्येही तेव्हा नर्स म्हणजे दारुडी, अडाणी बाई अशीच समजूत होती. चांगल्या घरातली मुलगी दवाखान्यात पाठवायची तर आधी तिच्या राहण्याची हमी हवी, हे नाइटिंगेल यांनी ओळखलं होतं.

नाइटिंगेल भारतात कधी आल्या नाहीत, पण इथल्या खेड्यांतल्या स्वच्छतेवर त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. त्या सभेचा कणा म्हणजे न्यायमूर्ती रानडे. त्यामुळे नाइटिंगेल हे नाव या वर्तुळाला परकं नव्हतं.

मग आला प्लेग. १८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात. सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना स्वतः प्लेगने आजारी पडल्या आणि १० मार्च १८९७ रोजी गेल्या. घरातल्या बायकांना परक्या शिपायांनी, परक्या डॉक्टरांनी हात लावला म्हणून पुणं पेटलं होतं. त्या संतापाची दुसरी बाजू फार थोड्यांनी बोलून दाखवली. बायकांना तपासायला, त्यांची शुश्रूषा करायला आपल्यातल्या शिकलेल्या बायका होत्या कुठे?

वाड्याची संस्था झाली

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे गेले. रमाबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या, मूलबाळ नव्हतं. मुंबई सोडून त्या पुण्याच्या जुन्या वाड्यात परतल्या आणि जवळपास वर्षभर घराबाहेर पडल्या नाहीत. रूढीप्रमाणे विधवेने कोपऱ्यात बसायचं, तशा त्याही बसल्या. इथेच थांबल्या असत्या तर कुणीही बोल लावला नसता, उलट चांगलंच म्हटलं असतं.

त्या हळूहळू बाहेर पडल्या. तुरुंगातल्या बायकांना भेटणं, दवाखान्यात जाऊन रुग्णांची विचारपूस करणं, फळं वाटणं असं सुरू झालं. बायकांच्या वॉर्डात आपली भाषा बोलणारं, आपल्या पद्धतीने धीर देणारं माणूस किती हवं असतं, याची जाणीव अशाच फेऱ्यांतून होते.

१९०८ मध्ये मुंबईत बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी सेवासदनची कल्पना मांडली. मलबारी हे पारशी पत्रकार, बालविवाह आणि सक्तीच्या वैधव्याविरुद्ध १८८४ पासून लिहिणारे. गिडुमल हे सिंधी न्यायाधीश. बायकांना निवारा द्यायचा आणि त्यांना नर्सिंगसारखी कामं शिकवायची, असा बेत होता. दोघं रमाबाईंकडे आले आणि त्या अध्यक्ष झाल्या. योगायोग असा की भारतातल्या प्रशिक्षित नर्सेसची संघटना, ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन, हीदेखील १९०८ चीच.

पुढच्या वर्षी, २ ऑक्टोबर १९०९ रोजी, पुण्याचं सेवासदन रानड्यांच्या वाड्यातच सुरू झालं. सोबत होते गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर. पैसे जमवणं, सरकारशी पत्रव्यवहार, आखणी ही कामं देवधरांकडे. घराघरांतून बायका आणणं आणि आणलेल्या बायका टिकवणं हे रमाबाईंकडे. दुसरं काम जास्त अवघड होतं.

सुरुवात लिहिणं-वाचणं, शिवण, प्रथमोपचार अशा वर्गांपासून झाली. याला फारशी हरकत नव्हती. हरकत सुरू झाली ती ससून रुग्णालयातल्या नर्सिंगच्या प्रशिक्षणापासून.

त्या काळच्या एखाद्या घरात काय बोलणं होत असेल, त्याची कल्पना करता येते. मुलगी नवव्या वर्षी विधवा झालेली, आता वीस वर्षांची. माहेरी भावजयीच्या हाताखाली राबते, किंवा दुसऱ्याच्या घरी स्वयंपाक करते. तिने ससूनमध्ये जायचं म्हणजे काय? परक्या पुरुषांसमोर वावरायचं. कुठल्याही जातीच्या रुग्णाला अंघोळ घालायची, बेडपॅन द्यायचं, जखमा धुवायच्या. प्रेताला हात लावायचा. आणि रात्रपाळी. सूर्य मावळल्यावर विधवेने घराबाहेर राहायचं, या एका गोष्टीवर बोलणी मोडायला पुरेशी होती.

रमाबाईंनी यावर भाषणांपेक्षा घरोघरी जाण्यावर भर दिला. त्या स्वतः विधवा, साध्या राहणीच्या, कीर्तन-पुराणाला जाणाऱ्या. या बाई पोरीला बाटवतील असा आरोप त्यांच्यावर करणं सोपं नव्हतं. त्या माजघरात बसून सासू-आयांशी बोलत. शारदा सदनाच्या वेळी जो विश्वास तुटला होता तो त्यांनी असा एकेका घरातून परत मिळवला. त्यांच्या या मवाळ रीतीवर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते. केशवपन झालेल्या मुलीला तशीच वर्गात बसवायची, आधी केस वाढव असा आग्रह धरायचा नाही, ही तडजोडच होती. पण ती मुलगी वर्गात आली, शिकली, पगार मिळवू लागली. तिच्या डोक्यावरच्या केसांचा निर्णय मग तिला स्वतःला घेता येण्याची शक्यता तरी तयार झाली.

दुसरी युक्ती म्हणजे होस्टेल. संस्था वाढत गेली, १९१५ मध्ये तिची रीतसर नोंदणी झाली आणि पुढे तिची तीन वसतिगृहं झाली. त्यातलं एक वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी आणि एक खास शिकाऊ नर्सेससाठी, ज्यांना प्रोबेशनर म्हणत. मुलगी दवाखान्यात काम करते पण राहते रमाबाईंच्या नजरेखाली, असं गावाकडच्या बापाला सांगता येऊ लागलं. नाइटिंगेल यांनी लंडनमध्ये जो प्रश्न मेट्रनच्या हाताखालच्या होमने सोडवला, तोच इथे सेवासदनच्या वसतिगृहाने सोडवला. फरक इतकाच की लंडनच्या आई-बापांना मुलीच्या अब्रूची काळजी होती आणि पुण्याच्या आई-बापांना अब्रूबरोबर सोवळ्याचीही.

या कामाची मर्यादाही नोंदवायला हवी. सेवासदनकडे येणाऱ्या बऱ्याच जणी पांढरपेशा घरांतल्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणं करणाऱ्या सुईणीला या नव्या प्रतिष्ठेत वाटा मिळायला फार उशीर झाला. उच्चवर्णीय बाई त्या कामात उतरल्यावरच त्याला मान मिळाला, ही गोष्ट समाजाबद्दल फार चांगलं सांगत नाही. तरी विटाळाची जी भिंत सुईणीला बाहेर ठेवत होती तिला तडा मात्र याच मुलींच्या हातून गेला. दिवसा ससूनमध्ये सगळ्या जातींच्या रुग्णांच्या जखमा धुणारी बाई संध्याकाळी घरच्या स्वयंपाकघरात पाय ठेवू लागली, तेव्हा शिवाशिवीचा हिशेब जुळेनासा झाला.

रस्त्यावर उतरलेल्या रमाबाई

नर्सिंग हा सेवासदनचा एक भाग. सोबत शिक्षिकांचं ट्रेनिंग कॉलेज होतं, हस्तकला होती. सोलापूरसारख्या ठिकाणी शाखा निघाल्या. आषाढी-कार्तिकीला आळंदीच्या यात्रेत रमाबाई सेवासदनच्या स्वयंसेविका घेऊन जात आणि आजारी वारकऱ्यांची, बायका-मुलांची काळजी घेत. ज्या पुण्यात विधवा समोर आली की अपशकुन मानत, तिथे यात्रेत विधवाच आपल्याला पाणी पाजतायत, पट्टी बांधतायत, हे दृश्य खेड्यापाड्यांतल्या माणसांनी पाहिलं. हा प्रचार कुठल्याही सभेपेक्षा जास्त पोचला असणार.

१९१० मध्ये त्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक प्रसिद्ध झालं. ते मराठीतल्या सुरुवातीच्या स्त्री-आत्मकथनांपैकी एक. गंमत म्हणजे त्यात त्या स्वतःपेक्षा न्यायमूर्तींबद्दलच जास्त बोलतात, आणि रानड्यांच्या मृत्यूपाशी थांबतात. सेवासदनचं काम त्यात नाही. ते कळतं संस्थेच्या इतिहासातून आणि इतरांनी लिहिलेल्या चरित्रांतून.

१९२० च्या सुमारास पुणे नगरपालिकेत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा विषय निघाला. सक्ती फक्त मुलांना करावी, मुलींचं नंतर बघू, असा सूर होता. त्याविरुद्ध बायकांचा मोर्चा निघाला आणि त्यात साठीला टेकलेल्या रमाबाई पुढे होत्या. मुंबई प्रांतात बायकांना मताचा अधिकार मिळावा या चळवळीतही त्या होत्या. तो अधिकार १९२१ मध्ये मिळाला.

१९२४ मध्ये रमाबाई गेल्या. गांधीजींनी 'यंग इंडिया'त त्यांना श्रद्धांजली वाहिली. १५ ऑगस्ट १९६२ रोजी, जन्मशताब्दीच्या वर्षात, त्यांचं टपाल तिकीट निघालं.

पुढे काय झालं?

मुंबई प्रांतात नर्सेसच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये झाला. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा १९४७ चा. त्याच्या आदल्या वर्षी, १९४६ मध्ये, दिल्ली आणि वेल्लोर इथे नर्सिंगची पदवी सुरू झाली आणि हा विषय पहिल्यांदा विद्यापीठाच्या दारात आला. महाराष्ट्रात महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाचं, म्हणजे एसएनडीटीचं, लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज १९६४ मध्ये सुरू झालं. १९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं आणि राज्यातली बी.एस्सी. नर्सिंगची कॉलेजं त्याला जोडली गेली.

रमाबाईंच्या काळात जिंतूर निजामाच्या राज्यात होतं, पुणं इंग्रजांच्या. आज जिंतूरच्या मुलीला दोन वर्षांचं एएनएम, तीन वर्षांचं जीएनएम किंवा चार वर्षांचं बी.एस्सी. यातलं काहीही निवडता येतं, आणि शिक्षण संपल्यावर तिची नोंद महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे होते.

पहिल्या वर्षाला बहुतेक कॉलेजांत दीप-प्रज्वलन होतं. रांगेत उभ्या मुली हातात पणती किंवा मेणबत्ती घेऊन नाइटिंगेलच्या नावाची शपथ म्हणतात. ती शपथ नाइटिंगेल यांनी लिहिलेली नाही. १८९३ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहरात लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने ती तयार केली. १२ मे हा नाइटिंगेल यांचा जन्मदिवस परिचारिका दिन म्हणून साजरा होतो, त्या दिवशीही हीच शपथ पुन्हा म्हटली जाते. मग फोटो निघतात, गावाहून आलेले आई-वडील पुढच्या खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवतात, आणि दुसऱ्या दिवसापासून वॉर्डातली ड्युटी लागते. रात्रपाळीसुद्धा.